एअर रायफलचा पहिला धडा: चाळीस कॅडेट, पाच लेन, दोन दिवस

पहिल्यांदा रायफल हातात घेणाऱ्या कॅडेटने दोन दिवसांत लक्ष्याच्या मध्यावरचा दहा मारायला शिकावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. दोन दिवसांत शिकता येतं ते एवढंच: पाच छर्रे एकाच जागी टाकणं. ती जागा लक्ष्याच्या मध्यावर असो की खालच्या कोपऱ्यात, पहिल्या दिवशी त्याला काही महत्त्व नाही. एका जागी पडलेले पाच छर्रे बॅकसाइटचा (नेम धरायच्या मागच्या खाचेचा) स्क्रू फिरवून मध्यावर आणता येतात. विखुरलेले पाच कुठल्याच स्क्रूने गोळा होत नाहीत. शिबिराची आखणी करणाऱ्यांनी हे आधी मनाशी पक्कं करावं, कारण वेळापत्रकापासून बक्षिसापर्यंत सगळं त्यावरच ठरतं.

हा लेख 10 मीटरवरच्या एअर रायफलपुरता आहे. एनसीसीचं .22 रायफलचं फायरिंग बटालियनच्या देखरेखीखाली, लष्कराच्या पीआय स्टाफच्या (बटालियनवर नेमलेल्या प्रशिक्षकांच्या) हाताखाली होतं. स्वयंसेवकांनी त्यात पडू नये. पण बटालियनच्या फायरिंगला जाण्याआधी लेकरू एअर रायफलवर नेम, श्वास आणि ट्रिगर शिकून गेलं, तर तिथे मिळणाऱ्या मोजक्या गोळ्या वाया जात नाहीत. पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य मिळवल्यापासून गावोगावची पोरं रायफलबद्दल विचारायला लागली आहेत. त्यांची सुरुवात करून द्यायला 10 मीटरची लेन पुरते.

कागदपत्रं आणि जागा

4.5 मिमी व्यासाची आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल वापरा. तिला शस्त्र परवाना लागत नाही. प्रशिक्षणाच्या साध्या रायफलची ऊर्जा साधारण 7 ज्यूल असते. तरीही रायफलींच्या खरेदीच्या पावत्या जवळ ठेवा, शाळेच्या किंवा संस्थेच्या प्रमुखाची लेखी संमती घ्या, प्रत्येक पालकाची सही घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्याला तारीख, वेळ व जागा लेखी कळवून पोहोच घ्या. रायफली घेऊन एसटीने किंवा जीपने जाताना त्या केसमध्ये बंद असाव्यात. गावात कुणी फोन केला आणि पोलीस दारात आले, तर हीच पोहोच पावती शिबिर वाचवते.

मराठवाड्यात या कामासाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो, हाताला घाम सुटतो, पत्र्याच्या शेडमध्ये लेकरं नेम धरून दहा मिनिटंही पोटावर झोपून राहू शकत नाहीत. सप्टेंबरमध्ये 17 तारखेच्या मुक्तिसंग्राम दिनाला जोडून शिबिर घ्यायचा मोह होतो, पण पाऊस आणि ओली सतरंजी यांत अर्धा दिवस जातो. लग्नाची तारीख नसलेल्या दिवशी मंगल कार्यालयाचा हॉल स्वस्तात मिळतो आणि तो पुरेसा लांब असतो. फायरिंग लाइनपासून लक्ष्यापर्यंत 10 मीटर, नेमबाजांच्या मागे 3 मीटर, लक्ष्याच्या मागे किमान 1 मीटर, म्हणजे एकूण 14 ते 15 मीटर लांबी हवी. प्रत्येक लेनला सव्वा मीटर धरला, तर पाच लेनला सव्वासहा मीटर रुंदी लागते.

हॉल पाहायला गेलात की आधी दारं मोजा. मंगल कार्यालयात स्वयंपाकघराकडे उघडणारं एक दार हमखास असतं आणि ते बहुधा स्टेजच्या बाजूला, म्हणजे नेमकं लक्ष्याच्या टोकाला असतं. त्या दाराला आतून कडी लावा, बाहेरून पाटी लावा आणि तरीही तिथे एक माणूस बसवा. चहा घेऊन येणारा माणूस पाटी वाचत नाही.

मोकळ्या मैदानावर करायचंच असेल तर समोर उंच मातीचा बांध हवा. छर्रा तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. ज्वारीच्या उभ्या पिकाने तो अडत नाही आणि पिकात राखण करणारं कुणी असतंच.

छर्रा अडवणारी पेटी

इथे पैसे वाचवू नका. प्रत्येक लेनला लोखंडी पेटी हवी: तोंड 30 बाय 30 सेंमी, बाजू बंद, आत 3 मिमी जाडीचा पत्रा 45 अंशांत तिरपा वेल्ड केलेला, तळाला 3-4 सेंमी वाळूचा थर. तालुक्याच्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात ती होते. चूक होते ती पत्र्याच्या उताराची. पत्र्याची वरची कड नेमबाजाकडे झुकलेली असली पाहिजे, म्हणजे छर्रा आपटून खाली वाळूत जातो. वेल्डर नेहमीच्या छपरासारखा उलटा उतार देतो आणि मग छर्रे वर उडून छताला लागतात. चित्र काढून द्या, पेटी घ्यायला गेल्यावर हात घालून उतार तपासा.

पेट्यांच्या मागे दोन थरांची जाड सतरंजी किंवा शिवलेलं बारदान दोरीवर टांगा, दोन मीटर उंच, खाली जमिनीला टेकलेलं. ते सैल लोंबलं पाहिजे. ताणून बांधलेल्या कापडावरून छर्रा परत येतो, सैल कापड त्याला गिळतं. दगडी किंवा काँक्रीटची भिंत एकटी कधीही पाठीमागे ठेवू नका. लोखंडी गोल बॉल तर शिबिरात येऊच देऊ नका, ते कशावरूनही परत उसळतात. छर्रे शिशाचेच हवेत. नेमबाज, शिकवणारा, छर्रे वाटणारा, लाइनवरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर प्लास्टिकचा सुरक्षा चष्मा हवा.

लक्ष्याच्या कार्डावर प्रकाश समसमान हवा. प्रत्येक दोन लेनला एक एलईडी बल्ब लक्ष्याच्या वर, नेमबाजाच्या डोळ्यात जाणार नाही असा आडोसा करून लावा. वीज जाणार हे धरूनच चला: इन्व्हर्टर नसेल तर दिवे गेल्याबरोबर फायरिंग थांबवायचं, अंदाजाने एकही छर्रा नाही. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी तीननंतर ऊन फोरसाइटवर (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खांबावर) चकाकतं आणि सगळ्यांचे छर्रे एका बाजूला सरकू लागतात. म्हणून फायरिंग सकाळी ठेवा.

माणसं आणि सामान

चाळीस कॅडेट, पाच लेन, म्हणजे पाच-पाचच्या आठ तुकड्या. माणसं अशी लागतात: लाइनवर हुकूम देणारा रेंज अधिकारी एक, तो दुसरं काहीही करणार नाही, प्रत्येक लेनला एक शिकवणारा, असे पाच, छर्रे आणि कार्ड सांभाळणारा एक, बसलेल्या तुकड्यांकडे दोन, दारावर एक. प्रथमोपचार येणारी व्यक्ती यांच्याशिवाय वेगळी. माणसं कमी पडली तर लेन कमी करा. एका माणसाकडे दोन लेन दिल्या की दोन्हीकडचं शिकवणं संपतं.

छर्रे: प्रत्येक कॅडेटला 25, म्हणजे 1000. पाचशेचे दोन डबे मोजून पुरतात, पण चार घ्या. जमिनीवर पडलेला छर्रा उचलून भरायचा नाही, त्याचा मागचा पातळ घेर दबलेला असतो आणि तो भलतीकडे जातो. कार्ड प्रत्येकी पाच, म्हणजे 200. रायफली पाच आणि राखीव एक. शिवाय पाच सतरंज्या, वाळूच्या दहा लहान पिशव्या, चिकटपट्टी, स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि दहा मीटरचा टेप.

आणखी एक वस्तू कृषी केंद्रातून आणा: गवत कापायच्या यंत्राची नारंगी नायलॉन दोरी, 2 ते 2.4 मिमी जाडीची. तिचे नळीपेक्षा वीत-दीड वीत लांब तुकडे करा. रायफल वापरात नसेल तेव्हा नळी मोडलेली (म्हणजे छर्रा भरताना करतात तशी बिजागरीवर खाली वळवून उघडलेली) आणि दोरी नळीतून आरपार. दोन्ही टोकांना नारंगी दिसलं की रायफल रिकामी आहे हे हॉलच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतं. दोरी दिसत नाही ती रायफल भरलेली, असंच सगळ्यांनी धरायचं.

चार शब्द

लाइनवर चारच हुकूम ठेवा: भर, फायर, थांब, खाली कर. पहिले दोन आणि शेवटचा फक्त रेंज अधिकारी देईल. "थांब" मात्र कुणीही ओरडू शकतं, सर्वांत लहान कॅडेटसुद्धा, आणि चुकून ओरडलं तरी त्याला कुणी रागवायचं नाही. "थांब" ऐकलं की बोट ट्रिगरवरून काढायचं, नळी लक्ष्याकडेच ठेवायची, उठायचं नाही. छर्रा भरलेला राहिला असेल तर लेकराने तो काढायच्या भानगडीत पडू नये. हात वर करावा, अधिकारी सांगेल तेव्हा तो पेटीत झाडून रायफल मोकळी करायची. कार्ड बदलायला पुढे जाण्याआधी पाचही नळ्या मोडलेल्या, पाचही दोऱ्या घातलेल्या आणि पाचही कॅडेट रायफलपासून हात दूर करून मागे उभे. हे अधिकाऱ्याने स्वतः चालत जाऊन पाहायचं, लांबून विचारायचं नाही.

नळी मोडून भरायच्या रायफलीत सर्वांत मोठा धोका छर्ऱ्याचा नसतो, नळीचा असतो. स्प्रिंग ताणलेली, नळी उघडी आणि त्यात कुणी ट्रिगर दाबला, तर नळी झटक्यात वर येऊन बंद होते आणि मध्ये आलेलं बोट चिरडतं. म्हणून छर्रा भरताना एक हात नळी घट्ट धरून ठेवेल, दुसरा छर्रा ठेवेल. हे पहिल्या दिवशी प्रत्येक कॅडेटकडून तीन वेळा करून घ्या. बारा-तेरा वर्षांच्या लेकरांना नळी मोडायला फार जोर लागतो. त्यांची रायफल शिकवणाऱ्यानेच ताणून द्यावी, नाहीतर पाचव्या छर्ऱ्यापर्यंत हात थरथरायला लागतात आणि आपण उगाच त्यांचा ट्रिगर वाईट म्हणतो.

छर्रा न वापरता शिकवायच्या गोष्टी

पाच जण झोपलेले असताना उरलेले पस्तीस काय करणार? इथेच बहुतेक शिबिरं बिघडतात. पोरं कंटाळतात, गलका होतो, लाइनवरच्याचं लक्ष उडतं. त्यांना तीन ठिकाणी वाटा.

पहिल्या ठिकाणी डोळा तपासा. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये बेचक्यासारखं छोटं भोक करायचं, त्यातून तीन मीटरवरची खूण दोन्ही डोळ्यांनी पाहायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने खूण भोकातच राहते तो मुख्य डोळा. उजव्या हाताचं लेकरू डाव्या डोळ्याचं निघालं तर त्याला डाव्या खांद्यावर रायफल घेऊन पाहू द्या. ते जमेना तर चष्म्याच्या डाव्या काचेवर धूसर चिकटपट्टीचा तुकडा लावा. डोळा दाबून मिटायला लावू नका, त्याने दुसरा डोळाही थकतो. ही तपासणी राहिली तर एखादं लेकरू दोन दिवस कार्डाबाहेर मारत राहतं आणि कारण कुणाला कळत नाही.

दुसऱ्या ठिकाणी नेम. एनसीसीच्या हिंदीत याला शिस्त म्हणतात, मराठी लेकरांना तो शब्द दुसऱ्याच अर्थाने ठाऊक असतो, तेव्हा आधी उलगडून सांगा. बॅकसाइटच्या खाचेत फोरसाइटचा खांब मधोमध, दोन्हीकडे सारखा उजेड, वरची कड एका रेषेत आणि त्या खांबावर काळं वर्तुळ चेंडूसारखं टेकलेलं. नजर फोरसाइटवर. काळं वर्तुळ धूसर दिसलं पाहिजे. लेकरांना उलटं वाटतं, लक्ष्य स्पष्ट दिसलं की नेम चांगला. त्यांना हिशेब मांडून दाखवा: दोन साइटमधलं अंतर 45 सेंमी धरलं आणि फोरसाइट खाचेत फक्त 1 मिमी सरकली, तर 10 मीटरवर छर्रा 22 मिमी सरकतो. कार्डावरचं काळं वर्तुळ सबंध 30.5 मिमीचं आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून बारीक. म्हणजे 1 मिमीच्या चुकीने छर्रा दहावरून थेट एकच्या कड्यावर जातो.

याचा सराव त्रिकोणाने करा. सहावी, रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की टेकवा, हलवायची नाही. 10 मीटरवर भिंतीला कोरा कागद. एक कॅडेट पुठ्ठ्याची काळी चकती कागदावर सरकवतो, नेम धरणारा "उजवीकडे, वर, बस" असं सांगतो. चकतीच्या मधल्या भोकातून पेन्सिलचा ठिपका. डोकं उचलून पुन्हा गाल टेकवायचा आणि पुन्हा, असे तीन ठिपके. तिन्ही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले तर नेम समजला. लांब पसरले तर गाल दरवेळी दस्त्यावर वेगळ्या जागी पडतोय.

तिसऱ्या ठिकाणी झोपायची पोझिशन, रायफलऐवजी काठी घेऊन. शरीर नेमाच्या रेषेला थोडं तिरपं, पाय फाकलेले, टाचा जमिनीला, डावं कोपर रायफलच्या शक्य तितकं खाली. मुलींनी ओढणी कमरेला बांधावी आणि लांब वेणी मागे टाकावी, नळी मोडताना ती अडकते. इथेच ट्रिगरही शिकवा, टिकटिक करणाऱ्या बॉलपेनवर: बोटाच्या पहिल्या पेराने इतकं हळू दाबायचं की टिक कधी होणार हे दाबणाऱ्यालाच कळू नये. रायफल रिकामी झाडून हा सराव करू नका. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नसला की पिस्टन मोकळा जाऊन आदळतो आणि काही दिवसांत सील जातं.

लाइनवर

पहिला दिवस: प्रत्येक तुकडीला वीस मिनिटं, पाच-पाच छर्ऱ्यांचे दोन गट, गुण मोजायचे नाहीत. आठ तुकड्यांना दोन तास चाळीस मिनिटं लागतात. कार्डाचा मध्य जमिनीपासून 45 ते 50 सेंमीवर ठेवा, म्हणजे झोपलेल्याला मान फार वळवावी लागत नाही. कॅडेटला पाच छर्रे बाटलीच्या झाकणात द्या, डबा कधीही देऊ नका. "खाली कर"नंतर झाकणात एक उरला तर कुणीतरी विसरलंय, पाचआधीच संपले तर दोन एकदम भरलेत. छर्रा पुढच्या गोल तोंडाने आत, मागचा पोकळ घेर आपल्याकडे, अंगठ्याने कडेशी सपाट दाबून. 

वाळूची पिशवी डाव्या मनगटाखाली, रायफल मात्र तळव्यावर. रायफल थेट पिशवीवर टेकवली तर स्प्रिंगच्या धक्क्याने ती दरवेळी वेगळी उसळते आणि उत्तम नेम असूनही गट पसरतो. पकड सैल ठेवा, आवळून धरलं तरी तेच होतं. एनसीसीत "मजबूत पकड" शिकलेल्या कॅडेटला हे मुद्दाम सांगावं लागतं. .22 चं सूत्र या रायफलीला लागू पडत नाही.

मग डोळे मिटायला लावा. दोन श्वास, डोळे उघड. नेम जिथे गेला असेल तिथेच शरीर आपोआप रोखतंय. तो बाजूला असेल तर हाताने रायफल ओढून आणायची नाही, डावं कोपर जागेवर ठेवून सगळं अंग सरकवायचं. ओढून धरलेला नेम ट्रिगर दाबताना परत मूळ जागी जातो.

श्वास सोडा आणि शेवटी जिथे तो आपोआप थांबतो तिथे ट्रिगर. पाच ते आठ सेकंदांत शॉट गेला नाही तर बोट काढा, श्वास घ्या, पुन्हा सुरू करा. शॉट सुटल्यावरही मनात एक-दोन मोजेपर्यंत डोकं उचलायचं नाही. स्प्रिंगच्या रायफलीत ट्रिगर सुटल्यावर आधी पिस्टन धावतो आणि मग छर्रा नळीबाहेर पडतो, तेवढ्यात डोकं उचललं की नेम मोडतो.

शिकवणाऱ्याने या सगळ्या वेळात कार्डाकडे पाहायचं नाही. बोट पाहा, डोळा पाहा, गाल पाहा. कार्ड पळून जात नाही. लेकरू शॉटच्या क्षणी डोळा मिचकावतंय, खांदा पुढे ढकलतंय, ही गोष्ट त्याच क्षणी दिसते, नंतर भोकावरून नुसता अंदाज करावा लागतो. शंका असेल तर एक युक्ती फार उपयोगी पडते. कॅडेटच्या नकळत, न ताणलेली रायफल त्याच्या हाती द्या, छर्रा भरलाय असं त्याला वाटू द्या. ट्रिगर दाबला, काहीच झालं नाही, आणि नळीचं तोंड मात्र ठसठशीतपणे खाली झुकलं. ते त्याने स्वतः पाहिलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतरचे दोन छर्रे असे मारा: नेम त्याचा, बोट त्याचं आणि त्याच्या बोटावर तुमचं बोट. दाब तुम्ही द्यायचा. शॉट कधी सुटला हे न कळणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा हाताला कळतं.

गट वाचणं

कार्ड आणल्यावर कॅडेटने आधी सांगायचं, कुठला छर्रा कुठे गेला असं वाटतं. मग बघायचं. छर्रे उभ्या रेषेत वरखाली असतील तर श्वास चालू आहे. आडवे पसरले असतील तर अंग नेमाच्या रेषेत नाही किंवा रायफल कलंडतेय. उजव्या हाताच्या नेमबाजाचे खाली उजवीकडे गेले तर बहुधा ट्रिगर झटकलाय. दोन वेगळे पुंजके म्हणजे मध्येच गालाची जागा बदलली. चहूकडे विखुरलेले असतील तर नजर लक्ष्यावर आहे. पण तसं म्हणण्याआधी शिकवणाऱ्याने त्याच रायफलने पाच छर्रे स्वतः मारून पाहावेत. दस्त्याचे स्क्रू स्प्रिंगच्या धक्क्यांनी सैल होतात, दर तुकडीनंतर ते आवळावे लागतात.

मोजायला पट्टी नको. 2.4 मापाची बांगडी आतून 57 मिमी असते आणि दहा रुपयांचं नाणं 27 मिमीचं. पहिल्या दिवशी पाचही भोकं बांगडीत बसली तर ठीक, दुसऱ्या दिवशी नाण्याखाली झाकली गेली तर उत्तम.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक तुकडीला अर्धा तास आणि पंधरा छर्रे. पहिल्या पाचांचा गट पाहून बॅकसाइट हलवा: छर्रा जिकडे न्यायचा तिकडेच बॅकसाइट, डावीकडे न्यायचा तर डावीकडे, वर न्यायचा तर वर. एका छर्ऱ्यावरून कधीही नाही, गटाच्या मध्यावरून. उरलेले दहा मोजणीचे. बक्षीस ठेवायचंच असेल तर एक गुणांना आणि एक सर्वांत लहान गटाला द्या.

आवरताना

शिसं विषारी असतं. छर्रे तोंडात धरायची सवय पोरांना पटकन लागते, दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून, तेव्हा पहिल्याच तासाला ताकीद द्या. लाइनवर पाणीसुद्धा प्यायचं नाही, नाश्त्याआधी साबणाने हात धुतल्याशिवाय ताटापाशी सोडायचं नाही. पेटीसमोरची फरशी झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या. पेटीतले छर्रे वाळूतून चाळून बंद डब्यात भरा. रायफली मोजा, दोऱ्या मोजा, डब्यातले उरलेले छर्रे मोजून वहीत लिहा आणि शेवटचं लेकरू गेल्यावरच स्वयंपाकघराच्या दाराची कडी काढा.